माणसाच्या पुढच्या पायरीचं शिबिर आणि चुलीपाशी राहिलेल्या मावशी

वर्धा-आर्वी रस्त्यावर खरांगण्याच्या पुढे एसटीतून उतरलं की आत दीड किलोमीटर पायी जावं लागतं. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मधात तुरीच्या ओळी. तिथे एका शेतात, जुन्या गोठ्याच्या जागेवर बांधलेल्या टिनाच्या लांब खोलीत मी मागच्या जानेवारीत चार दिवस, तीन रात्री राहून आलो. शिबिराचा विषय होता 'मानवाची उत्क्रांती आणि पूर्णत्व'. शुल्क ३,२०० रुपये, राहणं-जेवण धरून. गावातल्या दोघा-तिघांनी विचारलं, कसं होतं, आम्ही जावं का. पारावर बसून सांगायला गेलो तर अर्धंच सांगून झालं, म्हणून सविस्तर लिहितो. चालवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. पुढे एक तक्रार आहे, माणसं मनानं चांगली आहेत, आणि ती तक्रार मी त्यांच्या तोंडावर सांगून आलेलो आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. तेहतीस वर्षं नोकरी, सगळी याच जिल्ह्यात. अशा शिबिराला माझ्यासारखा माणूस का गेला, हे सांगितल्याशिवाय माझं मत कळणार नाही.

कारंजा तालुक्यात एका शेतकऱ्याची गवळाऊ गाय अडली होती. पावसाळ्याची रात्र, कंदिलाचा उजेड. वासरू आडवं होतं. दीड तास खटपट करून काढलं, पण मेलेलंच निघालं. गाय दूध सोडेना, तेव्हा त्या घरच्या म्हाताऱ्यानं जुनी रीत केली: वासराचं कातडं सोडवून त्यात भुसा भरला आणि ते गाईपुढे ठेवलं. आठवड्यानं मी पुन्हा गेलो तेव्हा गाय ते कातडं चाटत होती आणि पान्हा सोडत होती. मी बराच वेळ उभा राहिलो. तिला कळत नव्हतं म्हणून ती चाटत होती, की कळत होतं म्हणून? एवढी वर्षं हजारो जनावरं हाताखालून गेली, पण हा प्रश्न काही गेला नाही. जनावरात काहीतरी जागं असतं, हे मी हातानं तपासलेलं आहे. ते काय आहे, माणसात येऊन त्याचं काय झालं आणि माणसाच्या पुढे त्याचं काय होणार, हे विचारायला मला जागा नव्हती. शिबिराच्या पत्रकात नेमकं हेच छापलेलं होतं.

आता शिबिराबद्दल.

आम्ही सव्वीस जण होतो. शिक्षक, दोन आशाताई, एक बँकेतला मुलगा, कापसाचा दुसरा वेचा आटोपून आलेले पाच-सहा शेतकरी, बाकी नागपूर-अमरावतीकडचे. शिकवायला एक निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे सर म्हणत, आणि आसन-प्राणायामाला एक मॅडम. सर फळ्यावर लिहून, शेतातली उदाहरणं देऊन शिकवतात. चार दिवसांत त्यांनी एकदाही वरच्या पट्टीत बोललेलं मी ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी दोन माणसं आमच्यापुढे ठेवली. एक फ्रान्सचे तेयार द शार्दें, १८८१ ते १९५५. हे पाद्री होते आणि जीवाश्मांचे अभ्यासकही; चीनमध्ये पेकिंग-मानवाच्या, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाडांच्या, शोधकामात त्यांचा भाग होता. हाडं मोजणारा माणूस म्हणतो की पदार्थाची घडण जसजशी गुंतागुंतीची होते, तसतसं त्याचं आतलेपणही वाढतं. दगडांचं कवच झालं, त्यावर जीवांचा थर आला, आणि आता पृथ्वीभोवती विचारांचा एक थर तयार होतो आहे. तो शेवटी एका बिंदूकडे एकवटत जाईल. त्यांच्या चर्चनं हे लिखाण त्यांच्या हयातीत छापू दिलं नाही. मेल्यावर छापलं गेलं. हे ऐकताना वाईट वाटलं. आयुष्यभर जपलेली गोष्ट डोळ्यांदेखत वाचली जाऊ नये, याला सोसणं लागतं.

दुसरे श्रीअरविंद, बंगालचे क्रांतिकारक आणि पुढे पुद्दुचेरीला राहिलेले योगी. त्यांचं म्हणणं सरांनी सरकीवरून सांगितलं. सरकीत झाड दिसत नाही, पण झाड तिच्यात नसतं तर बाहेर आलं नसतं. तसं जड पदार्थात प्राण दडलेला होता म्हणून झाडं-जनावरं झाली, प्राणात मन दडलेलं होतं म्हणून माणूस झाला, आणि मनात अजून काही दडलेलं आहे, ज्याला ते अतिमानस म्हणतात. माणूस हा मधला मुक्काम आहे. त्यांच्या मांडणीत असंही येतं की प्राणी ही जणू निसर्गाची जिवंत प्रयोगशाळा होती, जिच्यात त्यानं माणूस घडवला. आणि आता माणूस स्वतःच पुढच्या जीवासाठी अशी प्रयोगशाळा असू शकेल, फक्त या वेळी त्याच्या जाणत्या सहकार्यानं.

इथे माझा हात वर गेला. मी म्हटलं, सर, प्रयोगशाळा म्हटलं की गाय नुसती पायरी झाली. पाय ठेवून वर जायचं आणि तिला विसरायचं. मी ज्या गाई पाहिल्या त्या आपल्यापुरत्या पूर्ण होत्या. सरांना प्रश्न आवडला असावा, कारण ते खडू ठेवून खाली बसले. म्हणाले, श्रीअरविंदांच्या उत्क्रांतीला तीन हालचाली आहेत: रुंदावणं, उंचावणं, आणि तिसरी, जी लोक विसरतात, ती म्हणजे वर गेल्यावर खाली वळून खालच्याला आपल्यात सामावून घेणं आणि त्याचंही रूप पालटवणं. खालचं टाकून वर गेलेली चढण त्यांच्या हिशेबी अपुरी. म्हणून त्यांच्या योगात शरीर सोडायचं नसतं, संसार सोडायचा नसतो.

मला चार दिवसांत मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. पुढची तक्रारही हिच्यातूनच निघाली.

एक गोष्ट आपल्या भागातली. श्रीअरविंद २९ जानेवारी १९०८ ला अमरावतीत भाषण देऊन गेले, वंदे मातरम् या विषयावर, आणि लगेच पुढचे दिवस नागपुरात बोलले. त्याच महिन्यात बडोद्याला विष्णू भास्कर लेले नावाच्या मराठी योग्यापाशी ते तीन दिवस बसले होते आणि मन पार निःशब्द झालं होतं. त्या निःशब्द मनानंच ते पुढची भाषणं करत गेले. मी अमरावतीला नोकरीच्या कामानं कितीदा गेलो असेन, मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पुद्दुचेरी लांब वाटते, पण धागा आपल्या गावातून गेलेला आहे.

दुसरा दिवस तैत्तिरीय उपनिषदाचा. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय हे पाच कोश, म्हणजे माणसाची एकात एक असलेली आवरणं, पुष्कळांना ऐकून माहीत असतात. कांद्याच्या पापुद्र्यासारखे सांगतात आणि सोडून देतात. सरांनी भृगूची गोष्ट सांगितली. भृगू बापाकडे, वरुणाकडे जातो आणि म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. बाप उत्तर देत नाही, तप कर म्हणतो. पोरगा तप करतो आणि त्याला कळतं, अन्न हेच ब्रह्म. परत येतो, बाप पुन्हा तप कर म्हणतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान, म्हणजे जाणती बुद्धी, शेवटी आनंद. इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. पण आनंदाला पोचल्याबरोबर ते उपनिषद थेट अन्नावर परत येतं: अन्नाची निंदा करू नये, हे व्रत. अन्न टाकू नये, हे व्रत. अन्न पुष्कळ पिकवावं, हे व्रत. दारी राहायला आलेल्या कोणालाही नाही म्हणू नये, हे व्रत. पाचव्या पायरीवरून माणूस उतरतो तो थेट शेतात आणि स्वयंपाकघरात. माझ्या शेजारी बसलेल्या शेतकऱ्यानं "अन्न पुष्कळ पिकवावं" हे वहीत दोनदा लिहून घेतलं.

जेवणाबद्दल आत्ताच सांगतो, कारण जागा तीच आहे. ज्वारीची भाकर, चून म्हणजे पिठलं, सोल्याची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी, एका रात्री सोलेभात, एका दुपारी पातोडीचा रस्सा वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकून. रोज ताजा ठेचा. सगळं चुलीवरचं, पऱ्हाट्यांच्या जाळावर. एवढं सुरेख जेवण मला लग्नात मिळालेलं नाही. ते रांधणाऱ्या मावशी आणि त्यांची सून, दोघीच. सव्वीस शिबिरार्थी, शिवाय शिकवणारे आणि व्यवस्थेतले, सगळ्यांचं दोन वेळचं.

त्या दिवशी संध्याकाळी मी गुडघा शेकायला गरम पाणी मागायला मागच्या पडवीत गेलो. मावशी भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, मावशी, तुम्ही आत येऊन बसत नाही का ऐकायला?

"भिंतीतून आयकू येते जी मले," त्या म्हणाल्या. "भृगूचं आयकलं. पन फोडणी टाकली का मधातच राह्यते."

मला ते लागलं. अन्नाची निंदा करू नये हे व्रत सव्वीस जणांनी वहीत उतरवलं, आणि अन्न करणारी बाई भिंतीपलीकडे.

तिसऱ्या दिवशी पवनारला नेलं, सकाळी जीपनं. वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटर, धाम नदीच्या काठावर. विनोबा तिथे १९३८ मध्ये आले आणि १९५९ मध्ये त्यांनी तिथे बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. मी लहानपणी शाळेच्या सहलीत गेलो होतो, तेव्हा फक्त खोदताना सापडलेल्या मूर्ती पाहिल्याचं आठवतं. या वेळी पाहायला वेगळं मिळालं. विनोबांचं म्हणणं होतं की एकट्यानं गुहेत बसून समाधी लावण्याचे दिवस गेले. आता साधना सामूहिक हवी, समाधीसुद्धा सामूहिक. आणि मनाच्या वर उठणं ही काही मोजक्या योग्यांची चैन राहिलेली नाही, विज्ञानयुगात ती सगळ्यांचीच गरज झाली आहे. याचा अर्थ तिथे काय केला गेला? बहिणींनी मिळून शेती करायची, सफाई करायची, स्वयंपाक करायचा, प्रार्थना करायची आणि निर्णय सर्वांच्या संमतीनं घ्यायचे. तिथे झाडू आणि ध्यान यांच्यात मोठं-लहान नाही. नदीकाठी बसून मला माझ्या आजोबांची आठवण झाली. ते मोझरीच्या गुरुकुंजाला जाणारे, संध्याकाळी गावात सामुदायिक प्रार्थनेला बसणारे. तुकडोजी महाराजांनी हा गुरुकुंज आश्रम १९३५ मध्ये उभा केला, आणि प्रार्थनेइतकीच ग्रामसफाई लावून धरली. गाडगेबाबांचा खराटा तर आमच्या भागात देवासारखा. मग मला वाटलं, पूर्ण माणूस कसा असावा याचं उत्तर आमच्या भागानं फार आधी हातात खराटा देऊन सांगितलेलं आहे.

त्या संध्याकाळी परत आल्यावर मात्र शिबिर घसरलं.

आम्हाला एकेक छापील फॉर्म दिला. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला गुण. तुम्हाला राग आल्यावर काय करता, मृत्यूची भीती वाटते का, अशा प्रकारचे. बेरीज करून प्रत्येकाची 'चेतनेची पायरी' काढली, एक ते आठ. आकडा कागदावर लिहून हातात दिला. मला तीन मिळाले. आष्टीकडच्या एका तरुण शेतकऱ्याला दोन. पहिल्या दिवसापासून सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा पोरगा तो. त्या रात्री जेवताना कोणाशी बोलला नाही. आणि फॉर्मच्या मागच्या बाजूला 'पुढच्या पायरीसाठी' ११,००० रुपयांच्या दुसऱ्या शिबिराची माहिती होती.

मला हे पटलं नाही, आणि का पटलं नाही तेही सांगतो. समग्रता या कल्पनेला इंग्रजीत 'होलिझम' हा शब्द दक्षिण आफ्रिकेचे नेते यान स्मट्स यांनी १९२६ मध्ये दिला, हे सरांनीच आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. अंश मिळून जे पूर्ण होतं ते अंशांच्या बेरजेहून मोठं असतं आणि निसर्गाची धाव अशी पूर्णं घडवण्याकडे आहे, असा त्यांचा विचार. हे तेच स्मट्स, ज्यांच्याशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत लढले. १९१४ मध्ये तो देश सोडताना गांधीजींनी तुरुंगात स्वतःच्या हातानं शिवलेल्या चपला त्यांना भेट दिल्या. १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तरीला, स्मट्सनी त्या परत पाठवल्या आणि लिहिलं की इतक्या मोठ्या माणसाच्या चपलेत उभं राहण्याची आपली योग्यता नाही. गोष्ट गोड आहे. पण हाच माणूस काळ्या आणि गोऱ्या लोकांना वेगवेगळं ठेवावं या मताचा होता. विश्वाचं पूर्णत्व ज्याला दिसलं, त्याला आपल्याच देशातला अर्ध्याहून जास्त माणूस पूर्ण दिसला नाही. माणसांची पायरी लावायला घेतली की हे होतं. गाई-म्हशींना आम्ही दूध आणि वजन पाहून प्रत लावत होतो, तो माझा धंदाच होता. माणसाच्या आतलं तसं मोजता येईल असं मला वाटत नाही, आणि येत असेल तरी ते कागदावर लिहून हातात देऊ नये. ज्याला आठ मिळतील तो त्या क्षणी खाली उतरेल.

रात्री मी संयोजकांकडे गेलो. दोन गोष्टी बोललो: तो फॉर्म बंद करा, आणि मावशींना वर्तुळात घ्या. फॉर्मबद्दल त्यांनी ऐकून घेतलं, विचार करू म्हणाले. मावशींबद्दल म्हणाले, आमची ना नाही, पण मग स्वयंपाक कोण करणार? प्रश्न खरा होता. मी म्हटलं, उद्या खिचडी ठेवा, आम्ही निवडू, आम्ही शिजवू, भांडी आम्ही घासू.

चौथ्या दिवशी तसं केलं. सहा जण पडवीत गेलो, त्यात तो दोन पायरीचा पोरगा होता. खिचडी खाली थोडी लागली. पण मावशी आणि त्यांची सून आत बसल्या, दाराजवळ, पदर सावरून. सर त्या वेळी मन कुठे सुरू होतं यावर बोलत होते. चर्चा चालली होती शब्दांची. मध्येच मावशी बोलल्या.

"सर, माह्या गाईचं वासरू गेलं तवा तिनं तीन दिवस वैरणीले तोंड नाई लावलं. चौथ्या दिवशी माह्या नवऱ्याची तेरवी होती. घरात कोनी जेवत नव्हतं. मी गोठ्यात गेली त ती माह्याकडे पाहे, अन् मी तिच्याकडे. मंग तिनं खाल्लं. अन् मी बी खाल्लं. ते तिचं होतं का माह्यं?"

खोलीत कोणी हललं नाही. मी भांडी घासायला गेलेलो, खिडकीशी उभा होतो, हाताला राख तशीच. माझा कारंज्याचा प्रश्न या बाईनं माझ्यापेक्षा पुढे नेऊन ठेवला होता. मी विचारत होतो गाईत काय आहे. त्यांनी विचारलं की ते तिच्या-माझ्यात वेगळं आहे का. सर काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, हे मी तुमच्याकडून शिकेन. मग तासभर सगळे यावरच बोलले. आशाताईंपैकी एकीनं बाळंतपणातली गोष्ट सांगितली, आष्टीच्या पोरानं बैलाची. चार दिवसांतला तो सगळ्यात भरलेला तास होता. साडेपाचच्या एसटीला सुनेला जायचं होतं, म्हणून दोघी उठल्या.

बाकी व्यवस्थेचं थोडक्यात. संडास दोनच, सकाळी रांग लागते. चारला उठलात तर अडचण नाही. आंघोळीला बंबाचं गरम पाणी मिळतं. पांघरूण स्वतःचं न्या, जानेवारीत टिनाखाली पहाटे गारठा फार. गुडघ्याचा त्रास असेल तर मॅडम न सांगता खुर्ची देतात, आणि आसनं ज्याला जेवढी जमतात तेवढीच करून घेतात. मोबाइल काढून घेत नाहीत, पण रेंज कमीच. दुसऱ्या दिवशीचं दुपारचं व्याख्यान लांबतं, तेव्हा जेवण जरा हात राखून घ्या. पवनारच्या जीपचे १५० रुपये वेगळे घेतात. हे पत्रकात छापायला हवं होतं. ३,२०० रुपये शेतकऱ्याला सोपे नाहीत, पण ज्यांना शक्य नाही त्यांच्याकडून अर्धे घेतात, विचारा.

जावं का? जावं. सरांची मांडणी ऐकायला जावं, पवनारला जायला मिळतं म्हणून जावं. तो फॉर्म दिला तर भरू नका. मी पुढच्या वेळी भरणार नाही. अकरा हजारांच्या शिबिराला मी गेलो नाही आणि त्याबद्दल काही सांगू शकत नाही.

पुढचं शिबिर तुरी निघाल्यावर आहे. मी नाव दिलं आहे, आष्टीच्या पोरानंही दिलं आहे. पैसे पाठवताना सोबत चिठ्ठी लिहिली की स्वयंपाक आणि भांड्यांची पाळी वेळापत्रकात छापा, आणि मावशींची सतरंजी दाराजवळ नको, मधात टाका. उत्तर आलं. पाळी छापली आहे म्हणाले. फॉर्मचं अजून काही बोलले नाहीत.